फी माफ झाली, पण बाकीचे पैसे कुठून आणायचे?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात राहतो. मी शिवणकाम करते. मिस्टर जिनिंगवर हंगामी कामाला जातात, दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. उत्पन्नाचा दाखला १ लाख ९० हजारांचा निघाला. आम्ही ओबीसीत येतो. मुलीला सीईटीला चांगले पर्सेंटाइल मिळाले आणि आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायचा आहे. तिला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर हवे आहे. मागच्या वर्षीच्या कटऑफवरून ते मिळेल असे वाटते. नांदेडला अनुदानित कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सही मिळू शकते. मुलींचे शिक्षण मोफत झाले म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण पुण्याच्या कॉलेजात चौकशी केली तर त्यांनी कागद हातात दिला: ट्यूशन फी १ लाख ३० हजार, डेव्हलपमेंट फी १५ हजार ६००, इतर ९ हजार ४००, होस्टेल आणि मेस १ लाख १५ हजार. नांदेडला होस्टेल-मेस ६० हजारांत भागेल आणि कॉलेजची इतर फी १५ हजारांच्या आसपास आहे, असे कळले. माझा भाऊ म्हणतो, बँक दहा लाख देते, सगळे घेऊन टाक, पोरगी नोकरीला लागली की फेडेल. एक एजंट म्हणतो, मॅनेजमेंटची सीट करून देतो, स्कॉलरशिपही बसवून देतो. आम्ही ओढूनताणून महिन्याला सहा हजार बाजूला टाकू शकतो. धाकटा मुलगा नववीत आहे. माझी बोरमाळ आहे, ती मोडायची माझी तयारी आहे. काय करू?

— एक आई

उत्तर

ताई, फॉर्म भरण्याआधी तुम्ही तो फीचा कागद मागून आणलात हे फार चांगले केले. बहुतेक घरांत हा कागद प्रवेश झाल्यावर हातात येतो, आणि मग धावपळ सुरू होते ती चार वर्षे थांबत नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एजंटचा विषय संपवू. त्याचा फोन पुन्हा उचलू नका. शुल्कमाफी मिळते ती कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलीला ती मिळत नाही, आणि केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्ज योजनेतही मॅनेजमेंट कोटा बसत नाही. वरून तो जी रक्कम ‘डोनेशन’ म्हणून मागेल, ती घेण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. त्या पैशाची पावती तुम्हाला कधीच मिळणार नाही.

आता शुल्कमाफी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने काय दिले ते नीट पाहा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. तुमची मुलगी यात नक्की बसते, आणि १ लाख ३० हजारांचे ओझे दरवर्षी उतरणे ही लहान गोष्ट नाही. चार वर्षांचे ते ५ लाख २० हजार होतात. पण त्या कागदावरच्या बाकीच्या ओळी या निर्णयात येत नाहीत. डेव्हलपमेंट फी तुमची. अनामत, विमा, जिमखाना अशा किरकोळ रकमा तुमच्या. होस्टेल, मेस, पुस्तके, लॅपटॉप, दिवाळीला घरी येण्याचे भाडे, सगळे तुमचे.

म्हणून पुण्याचा हिशेब मी शुल्कमाफी धरून मांडला आहे. पहिल्या वर्षी डेव्हलपमेंट आणि इतर मिळून २५ हजार, होस्टेल-मेस १ लाख १५ हजार, लॅपटॉप आणि पुस्तकांना ५० हजार, जाण्यायेण्याला १२ हजार, हातखर्च आणि मोबाइल मिळून १५ हजार. झाले २ लाख १७ हजार. दुसऱ्या वर्षापासून लॅपटॉप नाही, अनामतही पुन्हा भरायची नाही, पण मेसचे दर दरवर्षी थोडे वाढतात. म्हणून पुढची तीन वर्षे मी १ लाख ७५, १ लाख ८५ आणि १ लाख ९५ हजार धरली. चार वर्षांचे एकूण ७ लाख ७२ हजार. ट्यूशन फीचा एक रुपयाही न भरता.

नांदेडचा हिशेब याच पद्धतीने केला: पहिले वर्ष १ लाख ४४ हजार, पुढची १ लाख ३, १ लाख ८ आणि १ लाख १३ हजार. एकूण ४ लाख ६८ हजार. फरक ३ लाख ४ हजारांचा, आणि त्यातला मोठा भाग राहण्या-जेवण्याचा आहे. लॅपटॉप, प्रवास, हातखर्च हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुम्ही आणि मुलीने वहीत स्वतःचे आकडे घाला. मेसमध्ये रविवारी रात्रीचे जेवण असते का, होस्टेल दहा महिन्यांचे की बारा, सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, हे विचारून घ्या. खर्च फुगतो तो अशाच ठिकाणी.

तुम्ही महिन्याला सहा हजार टाकू शकता, म्हणजे वर्षाला ७२ हजार, चार वर्षांत २ लाख ८८ हजार. ते वजा केले तर नांदेडला १ लाख ८० हजार कमी पडतात आणि पुण्याला ४ लाख ८४ हजार. तुमच्या पत्राचे उत्तर या दोन आकड्यांभोवती फिरते. बँक किती देते यावर ते ठरत नाही.

ही तूट कर्जाशिवाय किती भरून निघेल? ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी राज्याची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जेवण, निवास आणि निर्वाहासाठी ती पैसे देते. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजारांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे तुम्ही बसता. पण ही योजना मागेल त्याला मिळत नाही. एका जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे आणि निवड गुणांवर होते. बारावीचे किमान गुण आणि वर्गातली हजेरी या अटीही आहेत. म्हणून आधी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर आधार योजनेला. आधार योजना मिळाली तर नांदेडची १ लाख ८० हजारांची तूट पूर्ण भरून निघते, कारण ५१ हजार चौपट केले की २ लाख ४ हजार होतात. पुण्याला २ लाख ४० हजार मिळाले तरी २ लाख ४४ हजार उरतातच. आणि कृपा करून खात्यात जमा होईपर्यंत हे पैसे हिशेबात धरू नका. असे हप्ते उशिरा येतात, आणि मेसवाला थांबत नाही.

भावाच्या सल्ल्याबद्दल. त्यांची तळमळ खरी आहे, भाचीसाठी ते बोलत आहेत. पण बँकेची मर्यादा ही बँकेच्या जोखमीची मर्यादा असते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के हिस्सा तुमचा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधीचे संरक्षण असते, त्यामुळे बँक घर-जमीन मागत नाही. त्यावर गेलात की तारण आले. दहा लाख घ्यायचे म्हणजे ती दोन एकर जमीन कागदावर चढवायची. शिवाय बँक एकरकमी पैसे हातात ठेवत नाही. कॉलेजच्या फीपत्रकाप्रमाणे दरवर्षी भरते, आणि जी फी सरकारने माफ केली आहे तिच्यासाठी कर्ज देत नाही. तुमचा खर्चच दहा लाखांचा नाही, तर कर्ज कशाचे घेणार?

आता हप्ता पाहू. व्याज १० टक्के धरते. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. ते सरळव्याजाने चढते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते. पुण्याची ४ लाख ८४ हजारांची तूट वर्षावर्षाला लागेल तशी उचलली, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी ती साधारण ६ लाख ५६ हजार झालेली असेल. दहा वर्षांत फेडायची तर महिन्याला सुमारे ८,७००. नांदेडची तूट त्या दिवशी २ लाख ४७ हजारांच्या आसपास असेल. ती पाच वर्षांत फेडली तर हप्ता साधारण ५,२५०, दहा वर्षांत फेडली तर ३,३०० च्या आत. आणि भावाचे दहा लाख दरवर्षी अडीच लाखांप्रमाणे उचलले, तर साडेतेरा लाख होतात आणि दहा वर्षे महिन्याला १७,८०० च्या वर जातात. मोठ्या आयटी कंपन्यांच्या सरसकट भरतीत सुरुवातीचे पॅकेज अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास राहिले आहे. त्यातून हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आगेमागे येतात. त्यात तिला शहरात भाड्याने राहायचे आहे, जेवायचे आहे. १७,८०० चा हप्ता ती कशातून काढेल?

याला जोडून धाकट्याचा विचार करा. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलात, मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. तो आता नववीत आहे. मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल त्याच उन्हाळ्यात तो बारावी पास होईल. म्हणजे तिचा हप्ता सुरूही झालेला नसताना त्याची पहिली फी भरायची वेळ येईल. आणि मुलग्यांना ओबीसीत आजच्या नियमाने निम्मीच फी माफ आहे. ट्यूशन फी सव्वा लाखाची असेल तर निम्मे तुमच्या गळ्यात, आणि राहणे-जेवणे वेगळे. त्या वेळी घरात बचत शून्य आणि डोक्यावर व्याजासह सहा लाखांचे कर्ज असेल, तर त्या मुलाला आपण न बोलता सांगितल्यासारखे होईल की तुझ्यासाठी काही उरले नाही.

व्याजाबाबत एक सावधगिरी. साडेचार लाखांखालच्या उत्पन्नाला शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. अशी सवलत आहे. पण पीएम-विद्यालक्ष्मीची ३ टक्के व्याज सवलत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळणाऱ्यांसाठी नाही, आणि तुमच्या मुलीला शुल्कमाफी मिळणार आहे. त्यामुळे ‘शुल्कमाफी घेतल्यावर व्याज सवलत मिळेल का’ हा प्रश्न बँकेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत व्याज तुमचेच धरा. त्याआधी इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन या. त्यांची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. राज्यातल्या शिक्षणासाठी घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचे, १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज महामंडळ परत करते, पण बँकेचे हप्ते वेळेवर भरले असतील तरच. कर्ज मंजूर होण्याआधी तिथे विचारणे बरे, नंतर कागद मागे फिरवता येत नाहीत. काहीच जमले नाही तर एवढे करा: शिक्षण चालू असताना दर महिन्याला त्या महिन्याचे व्याज तेवढे भरत जा. पहिल्या वर्षी ७२ हजारांच्या कर्जावर ते महिन्याला ६०० रुपये होते. काही बँका असे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्यांना दरात एक टक्का सूट देतात, तेही विचारा.

मग ऑप्शन फॉर्ममध्ये वर काय टाकायचे? तुमच्या जागी मी पुण्याचे खासगी कॉलेज पहिले टाकले नसते. पण तुम्ही हे दोनच पर्याय धरून बसला आहात, हे मला पटत नाही. मुलीला कॉम्प्युटर हवे आहे, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या कॉम्प्युटरच्या जागा आधी टाका. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्या रेल्वेमार्गावरच आहे. तिथली कॉम्प्युटरची कटऑफ वर जाते, पण फॉर्ममध्ये नाव टाकायला पैसे लागत नाहीत. पर्सेंटाइल कमी पडले तर पुढचा पर्याय लागतो, नुकसान काही नाही. त्यानंतर नांदेडच्या जागा टाका, कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्स या क्रमाने. पुण्याचे खासगी कॉलेज त्यांच्या खाली. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या मिळत नाहीत असे नाही. कॅम्पस भरतीत बहुतेक आयटी कंपन्या सगळ्या शाखांना बसू देतात. पण मुलीने मनापासून विचार करून ‘मला कॉम्प्युटरच शिकायचे आहे, आणि ८,७०० चा हप्ता मी दहा वर्षे भरेन’ असे सांगितले, तर तो तिचा निर्णय आहे आणि मी तिला चूक म्हणणार नाही. फक्त तो आकडा तिने स्वतः काढलेला असला पाहिजे.

टीएफडब्ल्यूएसच्या जागांबद्दल विचारले नाहीत, तरी सांगते, कारण सेतू केंद्रावर कोणीतरी त्या टाकायला लावेल. ट्यूशन फी माफ असलेल्या या जास्तीच्या ५ टक्के जागा असतात आणि त्यांची कटऑफ नेहमीपेक्षा वर असते. तुमच्या मुलीची ट्यूशन फी तशीही माफ आहे, त्यामुळे तिला त्यातून जास्तीचे काही मिळत नाही. चार वर्षांनी मुलासाठी मात्र या जागा लक्षात ठेवा.

कागदपत्रांचा आळस महागात पडतो. जात पडताळणी प्रमाणपत्र हातात नसेल आणि फक्त अर्जाची पावती असेल, तर रोज पाठपुरावा करा. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते, आणि मग जागा आणि शुल्कमाफी दोन्ही धोक्यात येतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालू मुदतीचे हवे. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, आणि ते मुलीच्या नावाचे, तुमच्या नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शुल्कमाफीचा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे चार वर्षांचे झाले, असे समजून दुसऱ्या वर्षी बसून राहिलेली मुले दर वर्षी दिसतात. आणि वर्ष वाया गेले तर त्याच वर्गाची फी सरकार दुसऱ्यांदा भरत नाही. हे तिला घाबरवण्यासाठी नको, पण माहीत असू द्या.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने पूर्ण ट्यूशन फी मागितली तर गप्प बसून उसनवारी करू नका. पात्र मुलींकडून ती प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. शासन निर्णयाची प्रत आणि कॅपचे वाटपपत्र दाखवा, शांतपणे म्हणा की मागणी लेखी द्या. लेखी मागितले की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. खासगी कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने पाहता येते. तुमच्या कागदावरचे १ लाख ३० हजार आणि १५ हजार ६०० तिथल्या आकड्यांशी ताडून पाहा. जास्त घेत असतील तर तक्रारही तिथेच करायची. प्रत्येक रुपयाची पावती घ्या, आणि ती मुलीच्या फाइलमध्ये ठेवा.

बोरमाळ मोडू नका. वरच्या हिशेबात तिची गरज कुठेच लागली नाही. नांदेड किंवा संभाजीनगर झाले तर पहिल्या वर्षीची तूट ७२ हजारांच्या आसपास राहील, आणि तिच्यातला मोठा भाग लॅपटॉपचा आहे. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची लॅब पुरते. लॅपटॉप दिवाळीनंतर घ्या, किंवा चांगला जुना घ्या. खरोखर एखाद्या महिन्यात आधार योजनेचा हप्ता उशिरा आला आणि मेसचे पैसे अडले, तर बँकेत थोड्या दिवसांसाठी सोनेतारण करता येईल, विकायची वेळ येणार नाही.

ऑप्शन फॉर्म लॉक होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत क्रम बदलता येतो. मुलीला माझे हे उत्तर वाचायला द्या आणि वही घेऊन तिच्या बाबांसह एकत्र बसा. पुण्याच्या कॉलेजला अजून दोन प्रश्न विचारायचे राहिले आहेत: दुसऱ्या वर्षापासून होस्टेल नक्की मिळते का, आणि डेव्हलपमेंट फी सेमिस्टरला अर्धी अर्धी भरता येते का. त्यांचे उत्तर आले की हिशेबातले आकडे बदलून मला कळवा, मी पुन्हा पाहते.